जुन्या संगणकासाठी व्हिडिओ कॅप्चर कार्डाची निवड

आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत व औषधी निर्माणशाळांत व्हीएचएस चित्रफिती अद्याप पडून आहेत. कोणाकडे गुरुजनांची व्याख्याने, कोणाकडे बस्तिकर्माचे प्रात्यक्षिक, तर कोणाकडे भट्टीवरील कूपीपक्व रसायनाचे चित्रण असते. त्यांतील पुष्कळ गुरुजन आज हयात नाहीत. मुंबईच्या दमट हवेत फितीला पांढरी बुरशी धरते. व्हीसीआर बनविणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. या फिती संगणकात उतरविण्याचे काम म्हणूनच लांबणीवर टाकू नये.

त्यासाठी नवा संगणक घ्यावा लागत नाही, आणि महागडे कार्डही नको. व्हीएचएसचे चित्र मुळातच साधारण २४० रेषांइतके भरड असते; भारी कार्ड त्यात तपशिलाची भर घालू शकत नाही. मात्र रुग्णाचे बल पाहून मात्रा ठरवावी, तसे प्रथम संगणक पाहून मगच कार्ड ठरवावे. प्रस्तुत लेखकाने हा क्रम उलटा केला. ठाकूरद्वारहून चालत लॅमिंग्टन रोडला जाऊन स्वस्तातले यूएसबी उपकरण आणले. खोक्यावरील नाव एक, आतील चिप भलतीच. सोबतच्या चकतीतील ड्रायव्हर काही केल्या बसेना.

तेव्हा खरेदीपूर्वी संगणकाचे आवरण उघडून पीसीआय खाच रिकामी आहे का, ते पाहावे. पीसीआय एक्स्प्रेसची खाच निराळी असते. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर आहे याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी व परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. यूएसबी उपकरण घ्यायचे तर संगणकात यूएसबी २.० हवे. पूर्वीच्या १.१ चा वेग सेकंदाला जेमतेम १२ मेगाबिट, तर २.० चा ४८०. डिव्हाइस मॅनेजरमधील यूएसबीच्या यादीत ‘एन्हान्स्ड’ हा शब्द दिसला म्हणजे २.० आहे असे समजावे.

हल्ली ‘कॅप्चर कार्ड’ मागितले की दुकानदार बहुधा एचडीएमआयचे उपकरण पुढे करतो. ते आपल्या उपयोगाचे नाही. आपणांस पिवळी, पांढरी व लाल अशी गोल भोके असलेले हवे. पिवळ्यातून चित्र, उरलेल्या दोहोंतून आवाज.

घरात जुने टीव्ही ट्यूनर कार्ड असेल तर खर्चही वाचेल. २०१२ च्या अखेरीस मुंबईतील केबल डिजिटल झाल्यापासून त्यातील ट्यूनर निरुपयोगी ठरला, परंतु पिवळ्या भोकातून चित्र अजूनही घेता येते. अशा कार्डांत आवाज बहुधा साउंड कार्डाच्या निळ्या भोकात वेगळा द्यावा लागतो. गुलाबी भोक माइकचे, तेथे दिल्यास आवाज फाटतो. लांब फितीत चित्र पुढे व आवाज मागे असेही होते. म्हणून विकतच घ्यायचे असेल, तर चित्र व आवाज दोन्ही स्वतः घेणारे उपकरण पसंत करावे.

सॉफ्टवेअरमध्ये पद्धत ‘पाल’ निवडावी. कित्येकदा ती आधीपासून अमेरिकेच्या ‘एनटीएससी’वर असते, मग चित्र कृष्णधवल दिसते किंवा सरकत राहते, आणि दोष उगाच कार्डाला लागतो. एमपीईजी-२ स्वरूपात सेकंदाला ६ मेगाबिट ठेवल्यास तासाला सुमारे २.७ जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांच्या फितीला आठ जीबी. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीची असावी. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

फीत लावण्यापूर्वी तिच्या कडेची प्लॅस्टिकची चिपटी मोडावी, म्हणजे चुकून तीवर नवे मुद्रण होणार नाही. बुरशी दिसत असल्यास ती चालवूच नये. व्हीसीआरच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या चांगल्या फितीलाही लागते. ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. ज्या चित्रणात रुग्णाचा चेहरा दिसतो, त्याची प्रत रुग्णाच्या संमतीवाचून कोणासही देऊ नये.