भारतातील ग्लूटेनमुक्त अन्नाची उपलब्धता

ग्लूटेन हे गहू, सातू आणि राय या धान्यांत आढळणारे प्रथिन आहे. सीलिअ‍ॅक रोग असलेल्या व्यक्तीच्या शरीरात ग्लूटेनमुळे प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. त्यामुळे अन्नघटकांचे शोषण नीट होत नाही. रक्तक्षय, अतिसार, हाडे ठिसूळ होणे आणि मुलांची वाढ खुंटणे ही त्याची काही लक्षणे आहेत. या रोगावर औषध नाही. आयुष्यभर ग्लूटेन वर्ज्य करणे हाच उपचार आहे. त्यामुळे रुग्णाला योग्य अन्न कोठे आणि कोणत्या दरात मिळते, हा प्रश्न इतर रोगांतील औषधाच्या उपलब्धतेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

गव्हाचा या रोगाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये पावाची तीव्र टंचाई असतानाच्या अनुभवाने त्यांच्या मताला बळ मिळाले. त्यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला.

प्रादेशिक विषमता

भारतात हा रोग प्रामुख्याने गहू खाणाऱ्या उत्तर भागात आढळतो. दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे. अडचण अशी की, जेथे रुग्ण अधिक आहेत तेथेच गव्हाला पर्याय शोधणे कठीण जाते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य गटातील कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. मात्र पंजाब, हरियाणा, राजस्थान या राज्यांत हा शिधा मुख्यतः गव्हाच्या रूपात दिला जातो. घरात रुग्ण असलेल्या गरीब कुटुंबाला मोफत धान्याचा त्याच्यासाठी उपयोग होत नाही. तांदूळ किंवा भरडधान्य बाजारभावाने विकत घ्यावे लागते.

महाराष्ट्रात स्थिती तुलनेने सुसह्य आहे, कारण येथील पारंपरिक आहाराचा मोठा भाग मुळातच ग्लूटेनमुक्त आहे. सोलापूर व मराठवाड्यात ज्वारीची, कोकणात तांदळाची, तर खानदेशात कळण्याची भाकरी रोजच्या जेवणात असते. नाचणी, बाजरी, वरी, राजगिरा, शिंगाडा आणि साबुदाणा यांतही ग्लूटेन नसते; म्हणजे उपवासाचे बहुतेक पदार्थ रुग्णाला चालू शकतात. शहरी मध्यमवर्गात पोळी, पाव आणि बिस्किटांनी भाकरीची जागा घेतल्याने मात्र हा फायदा कमी झाला आहे.

छुपे ग्लूटेन

धान्य ग्लूटेनमुक्त असले तरी ताटातील पदार्थ तसा असेलच असे नाही. बाजारातील बांधानी हिंगात खडा हिंगाबरोबर बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. त्यामुळे साध्या वरणाची फोडणीही रुग्णाला बाधू शकते. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पिठाची गिरणी हा त्याहून मोठा धोका. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली, तर आत राहिलेले गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. काही गिरणीवाले उपवासाचे दळण वेगळे काढतात, पण तेथे हेतू सोवळ्याचा असतो आणि गिरणी किती स्वच्छ केली जाते याला काही माप नसते. म्हणून अनेक कुटुंबे घरगुती गिरणी घेतात; ज्यांना ती परवडत नाही त्यांना शेजारच्या गिरणीवरच विसंबावे लागते.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ‘ग्लूटेनमुक्त’ असे लिहिलेल्या पदार्थात दर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय प्रमाणकातील मर्यादाही हीच आहे. वेष्टनावर ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख करणे बंधनकारक आहे. सुट्या पिठाला, मसाल्यांना, खाणावळीच्या जेवणाला आणि लग्नाच्या पंगतीला मात्र असे वेष्टन नसते, आणि लहान गावांतील खरेदी बहुतांशी सुटीच असते. प्रमाणित पाकीटबंद पीठ साध्या कणकेपेक्षा बरेच महाग असून ते मोठ्या शहरांतील निवडक दुकानांत किंवा ऑनलाइन मिळते.

शालेय पोषण आहारातही फरक दिसतो. महाराष्ट्रात हा आहार मुख्यतः तांदळाचा असल्याने रुग्ण मुलाला सहसा इतरांबरोबर जेवता येते, हिंगाचा प्रश्न वगळता. जेथे पोळी दिली जाते तेथे त्याला घरून डबा आणावा लागतो.

इतर देशांतील व्यवस्था

इटलीत २००५ च्या १२३ क्रमांकाच्या कायद्यानुसार शाळा व रुग्णालयांच्या उपाहारगृहांत मागणी केल्यास ग्लूटेनमुक्त जेवण देणे आवश्यक आहे. शिवाय रुग्णांना अशा पदार्थांच्या खरेदीसाठी दरमहा ठरावीक रकमेपर्यंत सरकारी साहाय्य मिळते. ब्रिटनमध्ये असे पदार्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१८ पासून ती पाव आणि पिठाची मिश्रणे यांपुरती मर्यादित झाली. तीही द्यावीत की नाही याचा निर्णय स्थानिक आरोग्य मंडळे घेतात. परिणामी एका भागातील रुग्णाला चिठ्ठीवर पाव मिळतो, तर शेजारच्या भागातील रुग्णाला तोच पूर्ण किमतीने घ्यावा लागतो. तेथील वृत्तपत्रे या प्रकाराला ‘पोस्टकोड लॉटरी’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ही सेवा स्थानिक औषध दुकानांमार्फत दिली जाते.