नेतृत्वाचे शिक्षण आणि मॉरिशसचा ससाणा

गेल्या महिन्यात आमच्या घरी रात्रीच्या पंगतीस एक वाद उपस्थित झाला. माझ्या ज्येष्ठ बंधूंची नात प्राणिशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन दोन वर्षे एका संस्थेत पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम करीत आहे. तीस आता काही आठवड्यांच्या शिक्षणक्रमासाठी मॉरिशस बेटावर जावयाचे आहे. शिक्षणक्रम केवळ पक्ष्यांचा असता तर कोणी बोलले नसते. परंतु सृष्टिरक्षणाच्या कामात नुकत्याच पडलेल्या तरुणांस तेथे ‘नेतृत्व’ही शिकवितात असे तिच्या तोंडून निघाले, आणि तिचे वडील हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, “पुढारीपण शिकायला समुद्र कशाला ओलांडायचा? ते आपल्या गल्लीत फुकट मिळतं.”

सारे हसले. मुलगी हसली नाही. तिच्या वडिलांच्या थट्टेमागची काळजी मला ठाऊक होती. या कामास वेतन बेताचे, तेही दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर अवलंबून. आणि मुलगी चोविशीची. “काका, तुम्हीच सांगा हिला,” असे ते म्हणाले तेव्हा मी एवढेच म्हटले की, विचार करून सांगतो. त्या विचारात जे वाचले आणि जे आठवले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

जन्म संस्कृत शिकविण्यात गेल्यामुळे मी प्रथम शब्दाकडे वळलो. ‘नेता’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून झाला आहे. ‘विनय’ हा शब्दही त्याच धातूचा. मराठीत आपण विनय म्हणजे नम्रता एवढेच समजतो. संस्कृतात त्याचा अर्थ वळण लावणे, शिक्षण देणे असाही आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचे नावच ‘विनयाधिकारिक’ असे असून राजाने प्रथम स्वतः कोणते शिक्षण घ्यावे याचा विचार तेथे केलेला आहे. तेव्हा नेतृत्व शिकविता येते काय, ही शंका आपल्या पूर्वजांस तरी पडली नव्हती.

आता त्या शिक्षणक्रमाच्या कुळाविषयी. जेराल्ड डरेल हा इंग्रज लेखक १९२५ साली आपल्याच जमशेदपूर येथे जन्मला. शाळेचे शिक्षण त्याने जवळजवळ घेतलेच नाही (ही गोष्ट माझ्यासारख्या मास्तराने लिहावी हा दैवाचा विनोद होय). १९५९ साली त्याने इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील जर्सी बेटावर प्राणिसंग्रहालय उघडले आणि १९६३ साली दुर्मिळ प्राण्यांच्या रक्षणासाठी न्यास स्थापिला. न्यासाचे बोधचिन्ह म्हणून त्याने डोडो पक्षी निवडला. हा पक्षी मॉरिशसचा. सतराव्या शतकात तो नामशेष झाला.

डरेलच्या ध्यानात आले की, परदेशाहून तज्ज्ञ येतो, चार महिने राहतो, अहवाल लिहितो आणि परत जातो. मागे काम पुढे नेणारा कोणी उरत नाही. म्हणून ज्या देशातील प्राणी त्याच देशातील तरुणास आणून शिकवावे असे त्याने ठरविले. १९७७ साली पहिला विद्यार्थी आला तो मॉरिशसचाच, युसूफ मुंगरू या नावाचा. पुढे मॉरिशसचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा त्याचा पहिला संचालक हाच गृहस्थ झाला. १९८४ साली जर्सीस स्वतंत्र शिक्षणकेंद्र उघडले, आणि आजवर शंभरांहून अधिक देशांतील लोक त्या परंपरेत शिकून गेले आहेत. प्रारंभीचे शिक्षण गुरुगृहीच्या सेवेसारखे होते. पिंजरे झाडावे, चारा तोलून घालावा, जे पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे.

मॉरिशसची तेव्हाची अवस्था मोठी शोचनीय होती. उसाच्या लागवडीसाठी रान तुटत गेले. आज तेथील चांगल्या स्थितीतील मूळचे अरण्य शेकडा दोन देखील उरलेले नाही. (त्या उसाच्या मळ्यांत राबावयास गेलेल्या गिरमिटियांत आपल्या कोकणातलेही पुष्कळ होते, त्यांचे वंशज आजही तेथे गणेशचतुर्थी करतात.) बाहेरून आलेली माकडे व मुंगसे आणि हिवतापावर फवारलेले डी.डी.टी. यांनी उरलेसुरले संपवीत आणले. १९७४ साली मॉरिशसचा ससाणा रानात अवघा चार एवढ्याच संख्येने ठाऊक होता.

१९७९ साली कार्ल जोन्स नावाचा पंचविशीतला वेल्श तरुण तेथे गेला. चाललेले काम आवरते घ्यावे आणि सरकारच्या स्वाधीन करून परतावे, अशी त्यास सूचना होती. त्याने आवरले नाही, तो राहिला. ससाण्याची मादी पहिली अंडी गेली तर पुन्हा घालते, हे जाणून त्याने पहिली अंडी काढून यंत्रात उबविली. रानातल्या जोड्यांस वरचा आहार दिला. घरट्यांसाठी पेट्या लावल्या. ससाणे काही शेकड्यांवर गेले. गुलाबी कबूतर १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरले होते, तेही शेकड्यांत आले. २०१६ साली जोन्सला इंडियानापोलिस पारितोषिक मिळाले.

परंतु अंडी उबविण्याची युक्ती पुस्तकातून शिकता येते. वरिष्ठ ‘आवरा’ म्हणत असता अधिक मुदत कशी मागावी, पैसा कोठून आणावा, सरकारी अधिकाऱ्याचे मन कसे वळवावे, आपल्यामागे काम चालविणारी स्थानिक माणसे कशी तयार करावीत, हे पुस्तकात कोठे असते? पुढच्या काळात या शिक्षणक्रमांत हाच भाग वाढत गेला. बैठक कशी चालवावी, भांडणाऱ्या दोन पक्षांस एका चटईवर कसे बसवावे, योजनेचा हिशेब कसा मांडावा, हे आता तेथे पक्षिशास्त्राच्या बरोबरीने शिकवितात. केंब्रिज विद्यापीठाने तर २०१० पासून या विषयाची पदवीच ठेवली आहे.

हे वाचताना मला आमच्या शाळेमागची टेकडी आठवली. तीस वर्षांपूर्वी तेथे झाडे लावण्याच्या कामाचे प्रमुखपण मजकडे आले, कारण झाडांची संस्कृत नावे मला पाठ होती. मुलांकडून तीनशे रोपे लावविली. प्रत्येकापाशी खदिर, अर्जुन, बिभीतक अशी पाटी. टेकडीच्या पायथ्याशी धनगरांची वस्ती होती. त्यांची शेरडे पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारावर चरत. मी त्या वस्तीवर एकदाही गेलो नाही. कार्तिकात शेरडांनी निम्मी रोपे खाल्ली, तेव्हा मी शिपायाकरवी त्यांस दटावणी धाडली. चैत्रात पाट्या तेवढ्या उभ्या होत्या. पुढे कित्येक वर्षे मी लोकांना पाऊस कमी झाल्याचे कारण सांगत असे.

ही हकीकत मी पुतण्यास प्रथमच सांगितली. तो काही वेळ गप्प होता. मग त्याने जाण्यायेण्याच्या खर्चाचा विषय काढला, तेव्हा मी समजलो.

मुलगी जुलैत जाणार आहे. त्यापूर्वी एके दिवशी ती म्हणाली, “अण्णाआजोबा, ती टेकडी मला दाखवा ना.” आम्ही गेलो. वस्तीतला तेव्हाचा जाणता पुरुष अजून आहे; दृष्टी मंदावली आहे, पण आवाजावरून त्याने मला ओळखले. ती त्याच्याजवळ जमिनीवरच बसली आणि शेरडे कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने वर जातात ते विचारू लागली. मला बसावयास त्याने घोंगडी टाकली. अर्ध्या तासात त्याने काठीने मातीत सारी टेकडी काढून दाखविली. पूर्वेचा ओढ्यालगतचा उतार शेरडे पावसाळ्यात सोडतात, तेथे झाडे जगतील, असे त्याचे म्हणणे पडले.

यंदा चाळीसच रोपे घ्यावयाची ठरली आहेत. खड्डे कोठे घ्यावयाचे ते तो म्हातारा दाखविणार आहे.