मोजणारे हात कुणाचे?

जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांची अठरा सदस्यांची एक समिती बसते. बालहक्क समिती हे तिचे नाव. देशोदेशीच्या सरकारांना बोलावून ‘तुमच्याकडची मुले कशी आहेत?’ असे विचारायचे, हे तिचे काम. हा अधिकार तिला बालहक्क संहितेने दिला. संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी मंजूर झाली आणि ११ डिसेंबर १९९२ रोजी भारताने ती स्वीकारली. स्वीकारणाऱ्या देशाने दोन वर्षांत पहिला अहवाल पाठवायचा आणि पुढे दर पाच वर्षांनी एकेक, असे कलम ४४ सांगते. आपला पहिला अहवाल गेला १९९७ साली. त्यावर समितीने सवालजबाब केले जानेवारी २००० मध्ये. दुसऱ्याची पाळी २००४ साली आली. तिसरा आणि चौथा एकत्र करून पाठवले, त्यांची २०१४ साली. सरकारी कागदाचा वेग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे, तेव्हा उशिराचे मला फारसे नवल वाटले नाही. माझे लक्ष अडकले ते दुसऱ्याच गोष्टीवर. हा अहवाल लिहितो कोण? तर ज्याची झडती घ्यायची, ते सरकारच.

समितीलाही हे कळते. म्हणून ती स्वयंसेवी संस्थांकडून पर्यायी अहवाल मागवते आणि दोन्ही कागद समोर ठेवून प्रश्न विचारते. तिच्या हाती दंड नाही, तुरुंग नाही. आहेत ते फक्त प्रश्न. पण प्रश्न विचारायलाही आकडा लागतो, आणि तो जिनिव्हात तयार होत नाही. तो यावा लागतो एखाद्या पाड्यावरून, एखाद्या बालगृहातून.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तिथे तपासनीस कधी सांगून येत नसे. सकाळी शटर वर जायच्या आधीच तो दारात उभा दिसे. आल्याआल्या चहा नाही, पाणी नाही. आधी रोकड मोजायची. वहीतली शिल्लक पाहायची ती नंतर, कारण आकडा आधी पाहिला की मोजणारे बोट नकळत त्या आकड्याकडे चालू लागते. यात रोखपालावर अविश्वास नव्हता. किंबहुना प्रामाणिक रोखपालाला या मोजणीचा आधारच वाटायचा. नोटांच्या बाबतीत जो नियम आम्ही इतका कडक पाळला, तो मुलांच्या बाबतीत क्वचितच पाळला गेला. जिथे पाळला गेला, तिथे मात्र वही आणि तिजोरी यांतली तफावत डोळ्यांत भरली.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. कुठल्या घरात बाळ जन्मले, कुठले दगावले, याची गावागावांत नोंद ठेवायला त्यांनी सुरुवात केली. १९८८ साली तिथला अर्भकमृत्यूचा दर निघाला हजारी १२१. पुढे राज्यातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून अशीच मोजणी आपापल्या भागात केली. ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टी, असे तिन्ही भाग त्यात होते. ‘कोवळी पानगळ’ या नावाने २००१ साली अहवाल आला. महाराष्ट्रात वर्षाला लाखाहून अधिक मुले दगावतात आणि सरकारी दप्तरात त्यांतली थोडीच दिसतात, असे त्याने सांगितले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हे ऐकणे जड गेले. पुढे शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यूंबाबत समिती नेमली.

मग ही मुले जात होती कुठे? प्रसूती घरात झाली, बाळ दोन-चार तासांत गेले, तर त्याचा जन्मही लिहिला जात नसे आणि मृत्यूही. जन्मून श्वास घेतलेले मूल कधी ‘मृतजन्म’ म्हणून लिहिले जाई. शिवाय नोंद करायची ज्या कर्मचाऱ्याने, त्याच्याच हद्दीत मृत्यू जास्त दिसले तर जाब त्यालाच विचारला जाणार. बदली, ताकीद, बैठकीत सर्वांसमोर बोलणी! अशा माणसाकडून खरा आकडा मागणे म्हणजे त्याने रोज उठून शौर्य गाजवावे अशी अपेक्षा करणे. मला त्या परिचारिकेचा राग येत नाही. तिला ज्याने तसे बसवले, त्या व्यवस्थेचा येतो.

मोजणीचा उपयोग केवळ आरोप करण्यापुरता नसतो, हेही गडचिरोलीनेच दाखवले. मूल पहिल्या महिन्यातच जास्त जाते, आणि तेही घरात, हे आकड्यांनी सांगितले. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले: ऊब कशी द्यायची, श्वास कसा पाहायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. त्या गावांतले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २०११ साली केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घेतली.

शाळेची वही अशीच फसवी निघाली. सहा ते चौदा वयाच्या पंचाण्णव टक्क्यांहून अधिक मुलांची नावे पटावर आहेत, याचा आपल्याला अभिमान. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी हाती घेतली. तिची रीत मला फार आवडते. जिल्ह्यातली तीस गावे आणि प्रत्येक गावातली वीस घरे निवडायची. मूल गाठायचे ते घरी, शक्यतो सुट्टीच्या दिवशी. त्याच्या हातात एक कागद द्यायचा: अक्षरे, शब्द, एक सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. “वाच पाहू बाळ,” एवढेच म्हणायचे. आई चुलीपुढून बघत असते, शेजारी गोळा होतात. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीची ती गोष्ट वाचता येत नाही, हे अशा ओसऱ्यांवर बसून वर्षानुवर्षे कळत आले आहे. पटावर ती हजरच होती.

आता कुणी म्हणेल, देखरेखीसाठी आयोग आहे की! आहे. २००५ च्या कायद्याने राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोग आला, २००७ साली त्याचे काम सुरू झाले, शांता सिन्हा त्याच्या पहिल्या अध्यक्ष. राज्यांतही आयोग झाले. पण नेमणूक सरकारची आणि पैसाही सरकारचा. चांगला माणूस बसला तर आयोग बोलतो, एरवी पत्रे पाठवतो.

बालगृहांच्या तपासणीसाठीही कायद्याने समित्या दिल्या आहेत. तरी बिहारमध्ये मुजफ्फरपूरला जे घडले ते घडलेच. तिथल्या समाजकल्याण खात्याने आपल्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाकडे सोपवली. हे श्रेय त्या खात्याला द्यायलाच हवे. गटाने ११० संस्था पाहिल्या. मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या मुली त्यांच्याशी बोलल्या. आपल्यावर काय अत्याचार होतात, ते त्यांनी सांगितले. २०१८ साली तो अहवाल खात्याच्या हाती आला. गुन्हा नोंदला गेला, तपास सीबीआयकडे गेला, खटला दिल्लीत चालला. जानेवारी २०२० मध्ये एकोणीस जण दोषी ठरले. त्यांत जिल्ह्याचा बालसंरक्षण अधिकारी होता. बालकल्याण समितीचा माजी अध्यक्षही होता. म्हणजे त्या मुलींनी ज्यांच्याकडे दाद मागायची, त्यांच्याच हातात वही होती.

मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे संहितेचे बारावे कलम म्हणते. मुजफ्फरपूरच्या मुलींना कलम ठाऊक असण्याचे कारण नाही. आलेली माणसे अधिकाऱ्यांच्या साखळीतली नाहीत, एवढे त्यांना दिसले असावे, असा माझा कयास. एक आवर्जून सांगायला हवे: त्याच अहवालात चांगल्या चालणाऱ्या संस्थांचीही नोंद आहे. तपासनीस खरा असला की चोख वहीलाही न्याय मिळतो.

आपल्या जिल्ह्यातल्या बालगृहाची बाहेरच्या माणसांकडून शेवटची तपासणी कधी झाली आणि मुलांशी एकांतात कोण बोलले, हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो. त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते.