घरासाठी फ्रीज निवडताना

उन्हाळा आला, की थंड पाणी आणि सरबत हवेसे वाटते. मग घरी फ्रीज आणायचे ठरते. तो निवडताना काय पाहावे?

प्रथम घरातील माणसे मोजावीत. चार-पाच माणसांना साधारण २५० ते ३०० लिटरचा फ्रीज पुरतो. नंतर फ्रीजवरील ताऱ्यांचे लेबल वाचावे. भारतात हे लेबल २००६ साली सुरू झाले. सारख्याच आकाराच्या दोन फ्रीजपैकी ज्याला तारे जास्त, त्याला वीज कमी लागते. एकाला वर्षाला २०० आणि दुसऱ्याला २५० युनिट लागत असतील, तर दहा वर्षांत ५०० युनिटांचा फरक पडतो. म्हणून केवळ किंमत पाहू नये.

आता बर्फाचे पाहू. बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश सेल्सिअस तापमान असावे. काही फ्रीजमध्ये बर्फ आपोआप तयार होतो. पण त्यांतील काहींना नळाची जोडणी लागते. पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर हाताने भरायचा ट्रे सोयीचा. तो काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. थंडीने सगळे रोगजंतू मरत नाहीत. बर्फ वितळला, की उरलेले जंतू पुन्हा वाढू शकतात. म्हणून उकळून गार केलेले पाणीच ट्रेमध्ये भरावे. फ्रीज कितीही महाग असो, बर्फ पाण्याइतकाच स्वच्छ असतो.

शब्दार्थ : काठोकाठ – अगदी वरपर्यंत, गोठणे – थंडीने घट्ट होणे, रोगजंतू – आजार पसरवणारे सूक्ष्म जीव.

प्रश्न : बर्फासाठी उकळलेले पाणी का वापरावे?