पीर सांभाळणारे शेतकरी

नांदेडला १७०८ साली देह ठेवलेल्या गुरू गोविंदसिंगांची एक आठवण पंजाबात, पतियाळा जिल्ह्यातल्या घुडाम गावी आहे. गाव गहू-भाताचं. इथले पीर भीखन शाह १६६६ मध्ये गुरूंच्या जन्मानंतर पाटण्याला गेले. पुढे मिठाईची दोन बोळकी ठेवली, एक हिंदूंचं, एक मुसलमानांचं. बाळाने दोन्हींवर हात ठेवले, अशी कथा सांगतात.

१९४७ च्या फाळणीत इकडचे बहुतेक मुसलमान पाकिस्तानात गेले, दर्गे मागे राहिले. पिराच्या इनाम जमिनीचे तंटे आपल्या तलाठी मंडळींना नवे नाहीत. तिथे तर गावोगावी सांभाळणारेच उरले नव्हते. तरी शीख-हिंदू शेतकऱ्यांनी झाडलोट सोडली नाही. पंजाबात अशा ठिकाणी गुरुवारी मोहरीच्या तेलाचा दिवा अजून लागतो.