सी भाषेची ओळख : डिरेक्टरी आहे का?

गेल्या आठवड्यात आपण फाइल उघडून तिच्यात मजकूर लिहिला. तोच प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर नेला की बहुधा सुरुवातीलाच अडतो, कारण ज्या ‘अहवाल’ नावाच्या डिरेक्टरीत फाइल ठेवायची, ती डिरेक्टरीच तिथे नसते. मग साहजिकच वाटतं, लिहिण्याआधी ती आहे का ते पाहून घ्यावं.

सी भाषा याचं उत्तर देत नाही. १९८९ साली ठरलेल्या प्रमाण सीमध्ये फाइल आहे, डिरेक्टरी नाही. नंतरच्या आवृत्त्यांनीही ती आणली नाही. पुष्कळ विद्यार्थी ‘एफओपन’ वापरून पाहतात. लिनक्सवर डिरेक्टरीचं नाव देऊन एफओपनने वाचायला उघडलं तर ते उघडतंसुद्धा, आणि पहिला बाइट वाचायला गेलं की चूक येते. शिवाय उघडलं ते फाइल होतं की डिरेक्टरी, हे कळत नाही ते नाहीच. त्यामुळे हा प्रश्न थेट ऑपरेटिंग सिस्टिमलाच विचारावा लागतो.

युनिक्सच्या घराण्यात त्यासाठी ‘स्टॅट’ आहे. त्याला पाथ द्यायचा आणि एका स्ट्रक्चरचा पत्ता द्यायचा. काम झालं तर शून्य परत येतं आणि स्ट्रक्चरमध्ये माहिती भरलेली असते : आकार, मालक, वेळा आणि ‘एसटी_मोड’. हा शेवटचा आकडा ‘एस_इझडिर’ या मॅक्रोला दिला की ती डिरेक्टरी आहे की नाही ते समजतं. एक बारकावा लक्षात ठेवा. त्या नावाची सिम्बॉलिक लिंक असेल तर स्टॅट तिच्या मागे जाऊन खऱ्या जागेची माहिती आणतं. लिंकचीच माहिती हवी असेल तर ‘एलस्टॅट’.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे थांबतात, आणि मला वाटतं खरं शिकवायचं इथून पुढे असतं. स्टॅटने उणे एक परत दिलं, तर डिरेक्टरी नाही असं समजायचं का? नाही. त्या क्षणी ‘एरनो’ पाहायचा. तिथे ‘ईनोएंट’ असेल तर त्या पाथवर काही सापडलं नाही. मात्र पाथमधली वरची एखादी डिरेक्टरी नसली तरी हेच उत्तर येतं. ‘ईनॉटडिर’ असेल तर मधलं एक नाव डिरेक्टरीचं नसून फाइलचं आहे. आणि ‘ईअ‍ॅक्सेस’ असेल तर वरच्या कुठल्यातरी डिरेक्टरीतून पुढे जायची परवानगीच तुम्हाला नाही. म्हणजे ‘अहवाल’ तिथे असेल किंवा नसेल, तुम्हाला ते कळलेलं नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्याशेजारी ‘कळलं नाही’ हे तिसरं उत्तर आहे, आणि ते ‘नाही’च्या खात्यात टाकणारा प्रोग्राम घातक ठरतो. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामचं उदाहरण घ्या. परवानगी नाही म्हणून जुना बॅकअप दिसला नाही, आणि तो अस्तित्वातच नाही असं धरून प्रोग्रामने पुढचे सगळे निर्णय घेतले, तर नुकसान किती होईल?

बरं, उत्तर स्पष्ट ‘आहे’ असं आलं तरी ते विचारल्या क्षणापुरतं. स्टॅट संपून पुढची ओळ चालेपर्यंत दुसरी एखादी प्रोसेस ती डिरेक्टरी काढून टाकू शकते, तिचं नाव बदलू शकते, तिच्या जागी लिंक ठेवू शकते. ही भीती पुस्तकी नाही. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी बनवणारी सिस्टिम कॉल नव्हती. ‘एमकेडिर’ हा रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम होता. तो आधी ‘एमकेनॉड’ने डिरेक्टरी निर्माण करी आणि मग ‘चोन’ने ती तुमच्या मालकीची करी. या दोन पावलांच्या मधल्या फटीत कोणी ती नवी डिरेक्टरी काढून त्याच नावाने पासवर्ड फाइलची लिंक ठेवली, तर पासवर्ड फाइलच त्याच्या मालकीची होई. १९८३च्या ४.२ बीएसडीमध्ये एमकेडिर ही स्वतंत्र सिस्टिम कॉल झाली आणि दोन पावलांचं एक पाऊल झालं. (त्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीतल्या नावाला १४ बाइट मिळत. ‘अहवाल’ हे देवनागरी नाव आजच्या यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट घेतं. तिथे ते एका बाइटने बसलं नसतं.)

म्हणून डिरेक्टरी हवीच असेल तर आहे का हे आधी विचारत बसू नका, सरळ बनवा. एमकेडिरला नाव आणि ०७५५ ही परवानगी द्या. शून्य आलं तर डिरेक्टरी नव्हती, आता झाली. उणे एक आणि एरनोमध्ये ‘ईएक्झिस्ट’ आलं तर त्या नावाचं काहीतरी आधीपासून आहे. ते डिरेक्टरीच आहे ना, एवढं आता स्टॅटने पाहा, कारण त्या नावाची साधी फाइल असली तरी ईएक्झिस्टच येतं. दुसरी कुठलीही चूक असेल तर ती वापरणाऱ्याला जशीच्या तशी सांगा. नुसती माहिती दाखवायची असेल, तर मात्र एकटं स्टॅट पुरेसं आहे.

त्या डिरेक्टरीत बरंच काम करायचं असेल तर ती एकदाच ‘ओपन’ने, ‘ओ_डिरेक्टरी’ हा फ्लॅग लावून उघडा. ते नाव डिरेक्टरीचं नसेल तर उघडणंच फसतं. उघडली की हाती आलेला डिस्क्रिप्टर ‘ओपनअ‍ॅट’ला देऊन आतल्या फाइली उघडा. नंतर कोणी डिरेक्टरीचं नाव बदललं तरी डिस्क्रिप्टर त्याच डिरेक्टरीला धरून राहतो. ओपनअ‍ॅट २००८च्या पॉझिक्समध्ये प्रमाण झालं.

विंडोजवर ‘गेटफाइलअ‍ॅट्रिब्यूट्स’ हे फंक्शन आहे. ते फसलं की ज्याचे सगळे बिट एक आहेत असा आकडा परत करतं, आणि त्यात डिरेक्टरीचा बिटही एकच असतो. म्हणून आधी तो फसल्याचा आकडा तपासा, नंतर बिट. हा क्रम चुकला तर अस्तित्वात नसलेली जागाही डिरेक्टरी म्हणून पास होते.

पुढच्या आठवड्यात ‘ओपनडिर’ आणि ‘रीडडिर’ घेऊन डिरेक्टरीतली नावं एकेक करून वाचू.