भाकरीबरोबर कागदही

हिजरी सन 8 मध्ये हजरत जाफर बिन अबी तालिब घरापासून फार दूर, आजच्या जॉर्डनमधील मुता येथे शहीद झाले. खबर मदिनेत येताच हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांनी जाफर यांच्या घरच्यांसाठी जेवण बनवायला सांगितले. औंढा नागनाथसारख्या गावातही मयतीच्या घरी शेजारीच भाकरी पोहोचवतात.

जुलै 2017 मध्ये जव्हारच्या वाटेवर खड्ड्यामुळे मुंबईची एक दुचाकीस्वार गेली, तेव्हा तिच्यासोबतच्या स्वारांनी खड्ड्यांविरुद्ध आवाज उठवला. अशा सोबत्यांनी मागे राहिलेल्या घराचीही जबाबदारी घ्यायला हवी.

विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. कायद्यात अपघात दाव्याची मुदत मात्र सहा महिने. इद्दत संपेपर्यंत दोन महिनेही उरत नाहीत. मुलगा आखातात असेल, तर कागदपत्रांसाठी धावणार कोण? तो तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवू शकतो. पोलीस ठाणे, वकील, विमा कंपनी या खेपा मित्रांनी घालाव्यात. दुचाकीमालकाच्या विम्यात 15 लाखांचे अपघात संरक्षण असू शकते, हे अनेक घरांना माहीतच नसते.

या रमजानमध्ये मरहूमसाठी दुआ करून उठताना सोबत्यांनी त्याच्या गाडीचा विम्याचा कागदही शोधावा.